वाचक विचारतात: फॉकलंडच्या पेपरात नाव छापून आलं, आता काय?

गेल्या अंकात फॉकलंड बेटांवर नोकरीला जाण्याबद्दल या सदरात थोडंसं लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे पगार किंवा थंडीपेक्षा जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, ती म्हणजे तिथल्या जाहीर नोटिसा. कोणी घर बांधायला काढलं की पेपरात, कोणी कायमचं राहायचा अर्ज केला की पेपरात, आणि दोन्हीकडे खाली तीच ओळ, हरकत असेल तर लेखी कळवा. म्हणून यावेळी सगळं सदर यालाच देतेय. ज्यांना अजून माहीत नसेल त्यांच्यासाठी एवढंच की फॉकलंड म्हणजे दक्षिण अटलांटिकमधली ब्रिटनच्या ताब्यातली बेटं, अर्जेंटिना त्यांच्यावर हक्क सांगते, दोन मोठी बेटं आणि बाकी शेकडो लहान, जमीन साधारण १२ हजार चौरस किलोमीटर आणि माणसं २०२१ च्या जनगणनेत साडेतीन हजारांच्या थोडी वर. त्यातली बहुतेक स्टॅन्ली नावाच्या एकाच गावात राहतात.

प्रश्न (पुणे, निवृत्त शिक्षिका): ताई, माझा मुलगा स्टॅन्लीच्या हॉस्पिटलात टेक्निशियन आहे. त्याने कायमच्या रहिवासाच्या परमिटसाठी अर्ज केला आणि परवा तिथल्या पेपरचा फोटो पाठवला. त्यात त्याचं पूर्ण नाव आणि खाली लिहिलंय की या व्यक्तीला परमिट द्यायला कोणाची हरकत असेल तर इमिग्रेशन ऑफिसरला अमुक तारखेच्या आत लेखी कळवावं. मी आणि हे दोघंही रात्रभर झोपलो नाही. त्याच्यावर काही केस वगैरे आहे का? तो म्हणतो नॉर्मल आहे, पण आम्हाला काळजी नको म्हणून तो काहीही सांगतो.

उत्तर: काकू, मुलगा खरं सांगतोय. केस नाही, तक्रार नाही, चौकशीसुद्धा नाही. कायमच्या रहिवासाचा अर्ज करणाऱ्या प्रत्येकाचं नाव असंच छापतात, मग तो डॉक्टर असो नाहीतर हॉटेलात भांडी घासणारा असो, सेंट हेलेनाहून आलेला असो, चिलीचा असो, फिलिपिन्सचा असो नाहीतर लंडनचा. तिथल्या इमिग्रेशन कायद्यातच ते लिहिलेलं आहे, अर्ज आला की सरकारी गॅझेटमध्ये नोटीस द्यायची, लोकांना हरकतीची मुदत द्यायची, मग निर्णय. त्यामुळे त्या नोटिशीत पाहा, त्याच्या नावाच्या वर-खाली आणखी चार-पाच नावं असतील, आडनावं जगभरातली असतील, आणि वाक्य सगळ्यांना एकच. एकट्या तुमच्या मुलासाठी कोणी ती ओळ लिहिलेली नाही.

तुम्हाला भीती वाटली याचं कारण मला कळतं, कारण आपल्याकडे पेपरात "तमाम लोकांस कळविण्यात येते की" असं काही आलं आणि त्यात आपल्या घरातलं नाव असलं की काहीतरी बिनसलंय असंच आपण धरतो, जमिनीचा वाद, कोर्टाचं समन्स, बँकेचा लिलाव. चांगल्या बातमीची नोटीस आपण बघितलेलीच नसते. पण एक उदाहरण आपल्या घराजवळचं आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न करायचं तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात बोर्डावर लागते आणि त्या मुदतीत कोणीही हरकत घेऊ शकतो. नोटीस लागली म्हणून त्या मुलामुलीने गुन्हा केला असं कोणी म्हणत नाही. तुमच्या मुलाची नोटीस त्याच जातीची आहे.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणार ते, हरकत आली तर काय. कोणी लिहिलं की "मला हा माणूस आवडत नाही" किंवा "आधीच बाहेरचे फार झालेत", तर त्यात त्या माणसाबद्दलची माहिती काहीच नाही. हरकतीला वजन येतं ते ठोस गोष्टीने, म्हणजे अर्जात खोटं लिहिलंय, तो एवढी वर्षं इथे राहिलेलाच नाही, गुन्हा लपवलाय असं काही. नागरिकत्वाच्या नोटिशीत तर स्पष्ट शब्द असतात की ज्याला कारण माहीत असेल त्याने २१ दिवसांच्या आत लेखी आणि सहीनिशी हकीकत पाठवावी. सहीनिशी, हे महत्त्वाचं. जिथे बाजारात, चर्चमध्ये, शाळेच्या गेटवर रोज तीच माणसं भेटतात तिथे खाली सही करून दुसऱ्याविरुद्ध लिहायचं म्हणजे माणूस दोनदा विचार करतो. मुलाला एवढंच सांगा की अर्जाची कॉपी, पगाराच्या स्लिपा, भाड्याच्या पावत्या, विमानाची तिकिटं हे सगळं एका फाइलीत लावून ठेव, म्हणजे ऑफिसने काही विचारलंच तर एका दिवसात उत्तर देता येईल. आणि नोटिशीत नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहे ना ते त्याला आत्ताच बघायला सांगा, आपल्याकडच्या नावांत वडिलांचं नाव मधे येतं, त्यात घोळ व्हायला वेळ लागत नाही आणि पुढे प्रत्येक कागदावर तोच घोळ चालत राहतो.

जाता जाता, त्या हॉस्पिटलचं नाव किंग एडवर्ड सातवा मेमोरियल. आपल्या परळच्या केईएमला ज्या राजाचं नाव तोच हा राजा. तुम्हाला आता ते जरा कमी परकं वाटेल.

प्रश्न (सोलापूर, बांधकाम व्यवसाय): गॅरेज, पोर्च, मागच्या अंगणातली शेड याच्यासाठी पण पेपरात नोटीस? साडेतीन हजार लोकांच्या बेटांवर एवढा सोपस्कार कशाला, शेजाऱ्याला तोंडी विचारलं तर भागत नाही का? आमच्याकडे तर चार मजले चढतात तरी कोणाला पत्ता लागत नाही.

उत्तर: दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यातच तुमचं उत्तर आहे. पण स्टॅन्लीचं नेमकं कारण सांगते कारण ते मला फार आवडतं आणि नकाशा उघडून बसलात तर तुम्हालाही पटेल.

स्टॅन्ली गाव बंदराच्या दक्षिण काठावर आहे, आणि जमीन पाण्यापासून वर दक्षिणेकडे चढत जाते. म्हणजे सगळं गाव उत्तरेला तोंड करून उतारावर बसलंय. आता आपण उत्तर गोलार्धातले, आपला सूर्य दक्षिणेकडून जातो, तिथला मात्र उत्तरेकडून. म्हणजे तिथे ऊन आणि समुद्र दोन्ही एकाच बाजूला, घराच्या पुढे, उताराच्या खालच्या अंगाला. आणि त्याच बाजूला खालच्या रस्त्यावरच्या शेजाऱ्याचं घर. त्याने एक मजला वाढवला की तुमच्या खिडकीतलं बंदर गेलं आणि ऊनही गेलं. तुम्ही बांधकामातले आहात म्हणून हिशोबच देते. स्टॅन्ली साधारण ५१.७ अंश दक्षिणेला, त्यामुळे जूनमध्ये, म्हणजे त्यांच्या ऐन हिवाळ्यात, भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फक्त १५ अंश वर असतो. ६ मीटर उंच भिंतीची सावली सपाट जमिनीवर २२ मीटरपर्यंत जाते, चढामुळे थोडी कमी पडेल एवढंच. पुण्या-सोलापुरात सावली पडली तर आपण दुवा देऊ, तिथे हिवाळ्यातलं ते थोडंसं ऊन हीच कमाई, त्यासाठी लोकांनी घरांना पुढे काचेचे पोर्च काढलेत, वारा बाहेर आणि ऊन आत, त्यात कुंड्या ठेवून फुलं वाढवतात. त्या पोर्चवर शेजाऱ्याच्या गॅरेजची सावली पडणार असेल तर पोर्चवाल्याला आधी कळायला नको का?

दुसरं म्हणजे जमीन. तिथे झाडं जवळजवळ नव्हतीच, इंधन म्हणून लोक पीट जाळायचे, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून दाबलेला गवताचा थर. तो डोंगरावरून खणून काढायचे. १८७८ आणि १८८६ असं दोनदा गावावरच्या टेकडीवरचा तो पीट पाण्याने फुगून सुटला आणि काळ्या चिखलाची लाट घरांवरून खाली आली. दुसऱ्या वेळी गावातलं चर्च गेलं, त्यानंतर आज पोस्टकार्डावर दिसतं ते कॅथेड्रल बांधलं, १८९२ चं. म्हणजे वरच्या अंगाला कोणी खणलं, पाण्याची वाट कोणी बदलली, हे खालच्या माणसाच्या घरादाराचं असतं. माळीणची दरड ज्यांनी पाहिलीय त्यांना हे वेगळं समजावायला नको.

आणि तिसरं, जुनी घरं. बरीचशी लाकडाची, वर पत्रा, आणि पत्र्याला लाल, हिरवा, निळा रंग. काही तर ब्रिटनमधून सुटे भाग जहाजाने आणून इथे जोडलेली. अशा जुन्या, नोंद केलेल्या इमारतींना हात लावायचा असेल तर वारसा वास्तूंची कमिटी वेगळं मत देते. खिडकी बदलायची तरी विचारावं लागतं. यावर तिथले लोकही कुरकुरतात, लाकडी खिडकी महाग, प्लॅस्टिकची स्वस्त, वाऱ्याला टिकणारी, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. पण एक सबंध गल्ली हळूहळू कशी बदलून जाते ते आपण आपल्या वाड्यांच्या बाबतीत बघितलंय, तेव्हा कोणीतरी दर वेळी विचारणारा असावा असं माझं मत.

तोंडी विचारून भागतं का, तर चांगल्या शेजाऱ्यांचं भागतंच, पण तोंडी होकार दोन वर्षांनी घर विकलं की नव्या मालकाला लागू होत नाही. शिवाय तोंडी विचारण्यात शेजारीच येतो, आणि दोन गल्ल्या सोडून राहणारी म्हातारी बाई जिच्या दारावरून त्या नव्या गेस्टहाऊसच्या गाड्या जाणार आहेत ती येत नाही. नोटिशीत अर्जाचा नंबर, कोणाचा अर्ज, कुठली जागा, काय करायचंय आणि नकाशे कुठे बघायला मिळतील एवढं असतं. प्लॅनिंग ऑफिसात जाऊन कोणीही नकाशा उघडून बघू शकतो. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, नोटीस वाचली की नकाशा त्याच दिवशी हातात. आपल्याकडे नोटीस मिळते आणि नकाशासाठी माहितीचा अधिकार लावावा लागतो.

प्रश्न (नाशिक): मग दुष्मनी काढायला लोक याचा वापर करत नाहीत का? आमच्या सोसायटीत पार्किंगवरून तीन वर्षं बोलणं नाही, अशांच्या हातात हरकतीचा अधिकार म्हणजे संपलंच.

उत्तर: करत असणारच, माणसं सगळीकडे सारखीच. पण दोन गोष्टी आड येतात. एक, प्लॅनिंगच्या हरकतीत मुद्दा जागेचा लागतो, सावली, सांडपाणी, रस्त्यावरची वर्दळ, गावाच्या आराखड्यात त्या जागेला काय ठरलंय. मालक कसा आहे याला तिथे जागा नाही. दुसरी जास्त महत्त्वाची, प्लॅनिंग अँड बिल्डिंग कमिटीची बैठक उघडी असते. २०१२ मध्ये त्यांनी सरकारी कमिट्यांच्या बैठका लोकांना खुल्या करायचा वेगळा कायदाच केला, विषयपत्रिका आधी मिळते, जाऊन बसता येतं, इतिवृत्त वाचता येतं, काही खासगी किंवा गोपनीय असेल तर तेवढ्यापुरतं दार लावतात. त्यामुळे तुमची हरकत चार भिंतींत राहत नाही. अर्जदार समोर बसलेला असू शकतो.

आणि इतक्या छोट्या गावात कमिटीवरच्या माणसाचं अर्जदाराशी काही ना काही नातं असणारच, भाऊ नाहीतर साडू नाहीतर बॉस. त्यावर उपाय म्हणजे त्याने आधीच सांगायचं की माझा यात संबंध आहे आणि त्या विषयापुरतं बाजूला व्हायचं. ही सवय सोसायटीच्या कमिटीत लावून बघा, नाशिकमध्येसुद्धा लागू पडेल.

प्रश्न (ठाणे, भाचा तिकडे कामाला): रहिवास, स्टेटस, नागरिकत्व, हे सगळं एकच का? आणि भारतीय पासपोर्टचं काय होतं?

उत्तर: एक नाही, तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि तिन्हीला नोटीस वेगळी निघते, म्हणून एकाच माणसाचं नाव काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा दिसू शकतं. या तिन्हीच्या आधी कामाचं परमिट, ते नोकरीला बांधलेलं. मग कायमचा रहिवास, इथे नोकरी बदलली तरी राहता येतं. मग फॉकलंड आयलंड्स स्टेटस, त्यासाठी ७ वर्षांचं वास्तव्य धरतात, आणि खरी गोष्ट ही आहे कारण मतदान त्याच्यावर अवलंबून आहे. त्यांच्या विधानसभेत निवडून आलेले फक्त ८ सदस्य, स्टॅन्लीचे ५ आणि गावाबाहेरच्या शेतांवरच्या वस्तीचे, ज्याला ते कॅम्प म्हणतात, ३. एवढ्या छोट्या सभेत पन्नास-शंभर मतांनी खूप काही फिरतं, म्हणून स्टेटस कोणाला मिळतंय यावर लोकांचं लक्ष असतं.

नागरिकत्व हा रस्ता अजून वेगळा, तो ब्रिटनच्या राष्ट्रीयत्व कायद्याखाली. आणि इथे भाच्याला ठासून सांगा, कायमचा रहिवास किंवा स्टेटस घेतल्याने भारतीय पासपोर्टला काही होत नाही, पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व ज्या दिवशी स्वेच्छेने घेतलं त्या दिवशी भारताचं गेलं, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. नंतर पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं कार्ड, काढता येतं, पण ओसीआयवर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे वडिलोपार्जित जमीन असेल, पुढेमागे शेजारचा तुकडा घ्यायचं मनात असेल, तर हे आधी घरात बोलून घ्या. सहीच्या दिवशी आठवून उपयोग नाही.

प्रश्न (मुंबई, माजी नौसैनिक): मी विराटवर होतो, त्यामुळे फॉकलंडचं नाव माझ्या तरुणपणापासून ओळखीचं. पण हे लोक बाहेरच्यांबद्दल एवढे सावध का आहेत ते सांगाल का? जमीन घ्यायलाही म्हणे वेगळं लायसन्स लागतं.

उत्तर: काका, तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला. वाचकांसाठी सांगते, आपली आयएनएस विराट ही फॉकलंडवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनात झालेल्या १९८२ च्या युद्धात ब्रिटिशांच्या ताफ्याची मुख्य बोट होती, तेव्हा तिचं नाव हर्मिस. १९८७ मध्ये ती आपल्या नौदलात आली आणि मार्च २०१७ मध्ये मुंबईतच निवृत्त झाली. म्हणजे स्टॅन्लीच्या लोकांच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या प्रसंगातलं जहाज कित्येक वर्षं आपल्या मुंबईच्या बंदरात उभं होतं.

सावधपणाचं कारण युद्ध हे आहेच, २ एप्रिल ते १४ जून १९८२, ७४ दिवस गावात अर्जेंटिनाची फौज. पण फक्त युद्ध धरलं तर अर्धंच कळेल. दुसरं कारण जमिनीचं आणि ते जुनं. १८५० च्या सुमारास फॉकलंड आयलंड्स कंपनी सुरू झाली, आणि पुढची सव्वाशे वर्षं बेटांवरची बरीचशी जमीन तिच्या आणि ब्रिटनमध्ये बसलेल्या मालकांच्या नावावर होती. मेंढ्या इथे, लोकर इथली, हाडं मोडून काम करणारे इथले, आणि नफा बोटीने बाहेर. लोक मालकाच्याच घरात राहायचे, नोकरी सुटली की घर सुटलं, मग बेट सोडून जाण्याशिवाय काय उरतं, आणि तसे खूप जण गेले, युद्धाच्या वेळी जेमतेम १,८०० लोक राहिले होते. कोकणातल्या खोताच्या गोष्टी ज्यांच्या घरात अजून सांगतात त्यांना हे लगेच कळेल. ऐंशीच्या दशकात मोठ्या फार्मचे तुकडे करून तिथेच राहणाऱ्या कुटुंबांना विकायला सुरुवात झाली, आणि १९९१ मध्ये सरकारने कंपनीची फार्मं विकत घेतली. मधल्या काळात १९८६-८७ पासून स्वतःचं मासेमारीचं क्षेत्र जाहीर करून परदेशी बोटींना लायसन्स विकायला लागले, त्यात मुख्य माल स्क्विड, आणि पैसा आला. जमीन एकदा परत हाताशी आली, ती पुन्हा दूर बसलेल्या कोणाच्या नावावर जाऊ नये म्हणून तिथे न राहणाऱ्याला जमीन घ्यायची तर लायसन्स. मला हे शंभर टक्के पटतं.

माणसांच्या बाबतीत मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. हेच गाव आता बाहेरून आलेल्यांवर चालतं. हॉस्पिटल, शाळा, दुकानं, हॉटेलं सगळीकडे बघा. युद्धात पेरलेले भूसुरुंग काढायला २००९ पासून झिंबाब्वेची माणसं आली, ती गुडघ्यांवर बसून वाळूत एक एक सुरुंग शोधत होती, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ते काम संपलं तेव्हा जे किनारे ३८ वर्षं बंद होते तिथे लोक पुन्हा चालायला गेले. त्यातले काही जण कुटुंबासह तिथेच राहिलेत. ज्या माणसाने तुमच्या पोरांसाठी किनारा मोकळा केला त्याचं नाव "हरकत असल्यास कळवा" याखाली छापायचं, हे मला टोचतं. कायदा सगळ्यांना सारखा हे मान्य आहे, आणि कोणाला वगळा असंही मी म्हणत नाही. पण घराची नोटीस आणि माणसाची नोटीस एकाच चालीत लिहू नये एवढं तरी व्हावं. घराला विचारता येतं, तू इथे का? माणसाबद्दल विचारायचं तर त्याने इतकी वर्षं इथे काय केलं तेही दोन ओळीत छापा, नुसतं नाव नको. आणि मुदत संपली की ते नाव इंटरनेटवरच्या गॅझेटमध्ये कोणी गुगल करून शोधावं असं कायम लटकत राहू नये, सरकारी दप्तरात राहू दे, तिथे राहायलाच हवं.

आपल्याकडे विशेष विवाहाच्या नोटिशीबद्दल हाच वाद झालाय. बोर्डावरची नावं-पत्ते वाचून घरच्यांना खबर देणारे निघाले, मुलींना ओढून नेलं गेलं, आणि मग अलाहाबाद हायकोर्टाने २०२१ च्या जानेवारीत म्हटलं की जोडप्याने मागितली तरच नोटीस प्रसिद्ध करा. तो निकाल त्या राज्यापुरता, पण विचार सगळीकडे लागू आहे, की माहिती लोकांना देताना ती कोणाच्या हातात काय होऊन बसेल हेही बघायला लागतं.

प्रश्न (रायगड, शेतकरी): तिकडचं वाचून बरं वाटलं, पण आमच्या गावात नोटिसा कुठे लागतात आणि कधी निघून जातात कळतही नाही. आम्ही काय करायचं ते सांगा.

उत्तर: दादा, अधिकार तुम्हालाही आहे, तो वापरायची वाट कळली पाहिजे. स्टॅन्लीत ही पद्धत चालते त्याचं मोठं कारण म्हणजे एकच साप्ताहिक, पेंग्विन न्यूज, १९७९ पासूनचं, दर शुक्रवारी येतं आणि सगळं गाव ते वाचतं. आपल्याकडे नोटीस कायद्याने निघते खरी, पण अशा पेपरात आणि अशा बारीक टायपात की भिंग घेऊन बसलं तरच दिसावी.

तर करायचं असं. तुमच्या सातबारावर कोणाचा फेरफार घालायचा असेल तर तलाठ्याने नोटीस काढून संबंधितांना आणि चावडीवर लावायची असते आणि हरकतीला १५ दिवस असतात. हीच नोटीस महाभूमीच्या साइटवर "आपली चावडी" मध्ये दिसते, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं की सध्या मुदतीत असलेले फेरफार समोर येतात. पैसे लागत नाहीत. महिन्यातून दोनदा बघायचं, कारण १५ दिवसांची मुदत महिन्यातून एकदा बघून हातातून जाऊ शकते. घरातल्या कॉलेजच्या पोराला हे काम लावून द्या.

विकास आराखड्याचं असेल तर एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राचा नगररचना कायदा, १९६६ चा, त्यात मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ३० दिवस. तेवढ्यात नकाशा बघायचा, आपला गट नंबर कुठल्या रंगात आलाय, त्यावरून रस्ता किंवा आरक्षण जातंय का ते टिपायचं आणि लेखी द्यायचं. "आमचा विरोध आहे" एवढंच लिहून सह्यांचा गठ्ठा देऊ नका, त्याचं काही होत नाही. गट नंबर, क्षेत्र, तिथे आज काय आहे, विहीर आहे, घर आहे, पावसाचं पाणी कुठून जातं, आणि तुम्हाला काय बदल हवा, असं प्रत्येकाने आपापलं लिहायचं. दोन कॉपी न्यायच्या, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेऊनच ऑफिसातून बाहेर पडायचं, आणि सुनावणीला बोलावलं की जायचंच, त्या दिवशी लावणी असली तरी घरातल्या एकाला पाठवायचं.